करंगळी

प्लास्टरचा येशू नागपूरहून एसटीनं आला,
घाटातल्या एका वळणावर
त्याची उजवी करंगळी गेली.
बापानं मेणाची लावली. चैतात ती गळाली.
वीस वर्षं आम्ही तसाच पुजला.

मग वाळवी नाही, ओल लागली त्याला.
फादर मिंज भुऱ्या मावसकराकडे गेले,
जो सागवानात मेलेल्यांचे मुंडे कोरतो,
आणि त्याच्या ओसरीत जाड पुस्तक उघडलं:
आधी नुसता मासा, भुयाराच्या भिंतीवर.
मग बिनदाढीचा पोरगा, खांद्यावर मेंढरू.
मग सोन्यात बसलेला राजा.
खिळे फार उशिरा आले.

"मासा समजला," भुऱ्या म्हणाला.
"मेंढरू नाई पाह्यलं कधी. बकरी जमते."
एका पानावर त्याचं बोट थांबलं,
क्रुसाच्या एका अंगाला सूर्य, दुसऱ्या अंगाला चांद.
"हे तं आमच्या मुंड्यावरचंच हाय.
याले कोनं सांगतलं?"

फादरनी कुठल्याशा शतकासाठी तोंड उघडलं
आणि तंबाखूची डबी पुढे केली.

दिवाळीपासून होळीपर्यंत वाकस चालला.
टाचा भेगाळ. दाढी विरळ. वर सूर्य, चांद.
लोखंड मारलं तर साग फाटतो
म्हणून खिळे तिवसाच्या लाकडाचे.
आई म्हणाली, हा आपला नव्हे,
आणि मागच्या खोलीत ओल्या येशूपुढं बसली.

फादरनी हाताची बोटं मोजली.
परत मोजली.
"तो तसाच हाय ना," भुऱ्या म्हणाला,
"मी लहानपनापासून पाह्यतो."

परवा रोझलिननं शाळेच्या पाटीवर
येशू काढला, खडूचा, पसरल्या हातांचा.
उजवीकडे चार.