बाहेरचा माणूस

माझं काम आत जायचं नाही.
पाच नंबरच्या टाकीच्या तोंडाशी बसायचं,
दोर हातात, शिट्टी गळ्यात,
आणि मुंजाजीशी बोलत राहायचं.
परमिटवर माझ्या नावापुढं लिहिलंय : बाहेरचा माणूस.

वाळूजला आज आमचा कारखाना बंद.
एवढ्या शांततेत चिमण्या कुठून येतात कोण जाणे,
कूलिंग टॉवरवर त्यांची शाळा भरलीय.
सकाळी गव्हाणे मॅडमनी व्हॉल्व्हला कुलूप घातलं,
किल्ली मुंजाजीच्याच खिशात टाकली :
तू वर आल्याशिवाय हे उघडत नसतं.
मग मीटर सोडला दोरीनं,
वर, मध्ये, तळाशी.
वीस पूर्णांक आठ.

माझे वडील गंगापूरकडं विहिरींचा गाळ काढायचे.
आधी कंदील सोडायचे आत.
विझला, तर काठावर विडी पेटवून बसायचे,
मालक कितीही ओरडो.
जिथं दिव्याला दम लागतो
तिथं माणसानं कशाला जायचं, म्हणायचे.
ऑक्सिजन हा शब्द त्यांना ठाऊक नव्हता.

एक झटका : ठीक.
दोन : दोर सोड.
तीन : ओढ.

"काय करायलास रे?"
"खरवडायलो की. गुळाच्या कढईवानी धरलंय खाली."
खोरं पितळेचं, ठिणगी उडू नये म्हणून.
त्याच्या बायकोनं बघितलं तर घरी मागून नेईल.
दर दोन मिनिटांनी विचारायला विषय पुरत नाहीत :
जिंतूरची बोरं, शेळीची जुळी करडं,
पोरीला नर्सिंगला घालावं की डी. फार्मला.

अकरा वीसला मीटर किंचाळला.
गाळ ढवळला की त्याच्या पोटातलं बाहेर येतं.
एकोणीस पूर्णांक तीन.
"मुंजाजी."
"मुंजाजी, बोल."
दोर नुसता जड.

पलीकडच्या प्लॉटवर, आता तिथं गोदाम आहे,
एक जण पडला होता.
त्याला काढायला दुसरा उतरला,
दुसऱ्याला काढायला तिसरा.
तिसरा भागोजी, माझा थोरला भाऊ.
सदरा काढून तोंडाला बांधला होता म्हणे.
दोर कुणाच्याच हातात नव्हता.

पाय आपोआप उठतात मॅनहोलकडं.
बाहेर राहायला किती बळ लागतं
हे परमिटवर लिहायला रकाना नाही.
मी शिट्टी फुंकली, हँडल फिरवलं.
विंच करकरत राहिली, एकेक दात.
आधी हेल्मेट आलं, मग मास्कवरचं धुकं,
मग शिवी.
"अर्धीच बादली राहिली होती ना!"
वॉकीटॉकी गाळात पडला होता त्याचा,
आणि झटका द्यायचं ध्यानात नव्हतं.
मी हसलो नाही. मला खाली बसावं लागलं.

सुपरवायझर म्हणाला, ट्रक दोनला येतोय.
मॅडम म्हणाल्या, थांबू दे. पंखा लावा परत.

संध्याकाळी नऊ निळी पिंपं, झाकणं घट्ट,
प्रत्येकावर पिवळी चिठ्ठी :
काय, किती, कुणाकडून, कुणाकडं.
पूर्वी हेच रात्री नाल्यात सुटायचं.
सकाळी पाणी वांग्याच्या रंगाचं,
म्हशी तोंड लावायच्या नाहीत,
आणि कुणीच काही ओतलेलं नसायचं.
आता वजन लिहितात : आठशे बारा किलो.
ड्रायव्हर सही करता करता विचारतो,
हे संपतं कुठं, मॅडम?
संपत नाही, त्या म्हणतात.
पुण्याकडं एक खड्डा आहे, खाली जाड अस्तर,
भोवती पाणी तपासायच्या बोअर.
तिथंही कुणीतरी बसलेलं असतं.

रात्री घरी धाकटी झोळीत.
बायको म्हणते, जरा दोरी धरा, भाकरी टाकते.
मी एक झटका देतो
आणि झोका द्यायचं विसरून
तसाच बसून राहतो,
दोरी कानाशी धरल्यासारखी.