शब्दयादी

दोन लाख चाळीस हजार.
बीजनिधी म्हणतात त्याला. अठरा महिने.
निम्मा हप्ता आता, उरलेला
ईरण्णांच्या टेबलावरून फाईल हलली की.
ईरण्णा मान वर न करता म्हणतात, "नाळे बर्री."
उद्या या. तिसऱ्यांदा.

अर्जात रकाना होता: मुख्य विषय, एकच लिहावा.
नाझिमा सनदी कानांची डॉक्टर,
महांतेश आवाज मोजतो,
मी पोरांना मराठी व्याकरण शिकवते.
आम्ही लिहिलं: वडगाव.
अर्ज परत आला.
मग लिहिलं: आरोग्य,
आणि मी गेले 'इतर'मध्ये,
यंत्राच्या भाड्याखाली, चहाच्या खर्चावर.

वडगावातली गल्ली दिसण्याआधी ऐकू येते.
खटक-खट, खटक-खट,
भिंतीतून, गटारीवरच्या फरशीतून, दाढेतून.
महांतेशचा मीटर अठ्ठ्याण्णववर जाऊन थरथरतो.
बायका इथं ओठ वाचतात.
गुपित सांगायचं असलं
तर तोंडावरचा पदर बाजूला करतात.

चाचणी म्हणून वीज गेल्यावरच.
आधी शिट्ट्या, बारीक, जाड. त्यांना भाषा लागत नाही.
मग पंचवीस शब्द: ऐकायचे, म्हणून दाखवायचे.
एक यादी कन्नड, एक पुण्याहून मागवलेली.
तुळसाक्का हावळ, बत्तीस वर्षं मागावर,
घरात मराठी, मालकाशी कन्नड,
शमशादशी तिची उर्दू, शिवी तिन्हीत.
'लिंबोणी' म्हटल्यावर गप्पच बसली.
"ऐकायलोय की मी. पण ते काय असतंय?"

ही चूक कानाची लिहायची
की यादीची?
नाझिमानं पेन खाली ठेवला.
माझं काम तिथून सुरू झालं.

दोन महिने गल्लीतून शब्द वेचले,
बसच्या तिकिटामागे, हाताच्या पंजावर.
धोटा. कांडी. फणी. किनार.
नाझिमा म्हणायची, स हवा, श हवा, फ हवा,
तेच आवाज आधी जातात.
महांतेश प्रत्येक शब्दाचा आलेख काढायचा
आणि माझ्या आवडीचे चार खोडायचा.
एक शब्द मी हट्टानं ठेवला.
मंजुरीच्या पत्रातून उचललेला.

मंगळवार. दुपारी वीज गेली.
सगळी गल्ली एकदम मोठी झाली.
लांब कुठंतरी कोंबडा, कुणाची तरी वाटी पडली.
तुळसाक्काच्या कानांवर हेडफोन,
केसांतली अबोली चेंगरलेली.
कांडी. "कांडी."
फणी. "पाणी."
किनार. "किनार."
बीज.

तिनं डोळे उघडले.
"वीज? आली काय की?"
आणि हेडफोन काढून उठलीसुद्धा.

महांतेशचा पेन रकान्यावर तसाच.
ती मागापाशी जाऊन उभी राहिली,
तळवा लोखंडावर सपाट ठेवून.
आली की आधी तिथं कळतं म्हणे,
दिव्याच्याही आधी.

आम्ही तिघंही थांबलो.