दुखत असताना घेतलेलं माप

चादरीचा काठ लागला आणि ओरडलो.
पहाटेचे तीन, बिबवेवाडी, पंखा एकवर,
उजव्या अंगठ्याच्या मुळाशी
कुणी निखारा शिवून ठेवलेला.
वैजयंता झोपेत म्हणाली, मुंगी चावली असेल.
मुंगी!

सत्तावीस वर्षं लक्ष्मी रोडवर
लोकांच्या पायांशी बसतोय मी, बुटक्या स्टुलावर.
मोजा उतरायच्या आधी नंबर सांगतो.
चवडा रुंद, टाच अरुंद, करंगळी दबलेली.
माणूस वर काहीही बोलू दे, पाऊल खरं सांगतं,
असं दुकानातल्या पोरांना शिकवत आलो.
त्या दिवशी माझंच पाऊल चपलेत जाईना.
मेव्हण्याची सपाता, नंबर दहा, सुतळीने बांधून
रिक्षात बसलो.
स्पीडब्रेकर किती आहेत या रस्त्याला
ते मोजून सांगू शकेन.

लॅब पहिल्या मजल्यावर. लिफ्ट अर्थातच बंद.
तहसीन नावाच्या मुलीने दंडाला रबर आवळलं,
मूठ घट्ट करा काका, म्हणाली, आणि नळी भरत गेली.
मला वाटलं होतं त्याहून काळपट.
एवढ्याशा रक्तात काय काय सापडणार होतं,
रविवारचा रस्सा, हळदीतली बिअर,
गिऱ्हाईक सोडून पाणी प्यायला न उठलेले दिवस,
आणि आजोबांचा लंगडा पाय,
ज्याला घरात सगळे नुसतं 'वात' म्हणायचे.

संध्याकाळी कागद आला.
यूरिक अ‍ॅसिड ६.८.
शेजारी बारीक अक्षरात: पुरुष, ३.५ ते ७.२.
पुढे चांदणी नाही, आकडा ठळक नाही.
मेव्हणा म्हणाला, दाजी, मनाचं असतं बरंचसं.
अंगठ्यापेक्षा तो कागद जास्त ठणकला.

डॉक्टर मुनोतांनी कागद बाजूला ठेवला,
आधी पाय बघितला. मग सांगितलं:
शरीरात पेशी मोडत असतात, खाण्यातूनही भर पडते,
त्या सगळ्याचा शेवटचा गाळ म्हणजे हे.
मूत्रपिंडाने तो बाहेर टाकायचा.
टाकणं कमी पडलं की साचतो,
आणि गारठ्याची जागा बघून
सुयांसारखे खडे धरतो.
अंगठा हृदयापासून लांब, तिथे गारवा असतो.
ऐन दुखण्यात मात्र रक्तातला आकडा
कधी कधी खाली उतरतो.
ठणका गेला की दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा या.

मी हसायला लागलो. त्यांना कळेना.
अहो, हे तर मी रोज सांगतो!
बूट सकाळी घेऊ नका, पाय तेव्हा लहान असतो,
दिवसभर चाला आणि संध्याकाळी या.
माप खोटं नसतं.
वेळ चुकलेली असते.

तीन आठवड्यांनी तोच जिना, माझ्याच चपला.
आज दोन्ही पायांनी आलात, तहसीन म्हणाली.
९.१. पुढे चांदणी.
आणि खरं सांगतो, मला बरं वाटलं,
कोर्टात कुणीतरी आपल्या बाजूने उभं राहावं तसं.
मेव्हण्याला फोटो पाठवला. त्याने अंगठा पाठवला.

आता फ्रीजवर वैजयंताच्या अक्षरात यादी,
रविवारच्या ओळीवर दोनदा काट.
रोज एक गोळी. काउंटरखाली पाण्याची बाटली.
आकडा सहाच्या खाली हवा म्हणतात.
सहा नंबर मला आठवीत होत होता.

काल एक गृहस्थ आले,
चपलेचा पट्टा अंगठ्यापाशी ब्लेडने कापलेला.
बसायच्या आधीच म्हणाले,
रिपोर्ट नॉर्मल आहे हो, उगाच आपलं.
मी नंबर विचारला नाही.
स्टूल पुढे ओढलं, बुटाची नाडी
शेवटच्या भोकापर्यंत सैल केली
आणि विचारलं,
रक्त दिलंत, तेव्हा दुखत होतं का?