आधी कानोसा

उद्यमनगरात तिसऱ्या गल्लीत
खाली लेथचा खरखराट, वर आमची खोली.
टेबलावर तीन डबे, प्रत्येकाला एक अँटेना.
ऊस ओढणाऱ्या ट्रॅक्टरांवर बसायचेत ते:
रात्री ट्रॉलीचा मागचा दिवा गेलेला असला
तरी मागून येणाऱ्याला तिनं स्वतः सांगावं,
थांबलेय, जपून ये.
मध्ये टॉवर नाही, निरोप्या नाही.
ह्याच्या तोंडून त्याच्या कानात, थेट.

पण हवा सगळ्यांना मिळून एकच.
दोघं एकदम बोलले की कुणाचंच पोचत नाही,
नुसता गलका,
गंगावेशीत धारेला म्हशी उभ्या राहिल्यावर होतो तसा.

म्हणून मी डब्यांना शिकवते:
आधी कानोसा घ्यायचा.
हवा रिकामी असली तरी लगेच तोंड उघडायचं नाही.
मनात एक आकडा धरायचा, कुठलाही,
तो उलटा मोजत शून्यावर यायचं, मग बोलायचं.
मध्येच दुसरा बोलला तर मोजणी तिथंच थांबवायची
आणि त्याचं झालं की उरलेलं मोजायचं,
पहिल्यापासून नाही.
थांबलेलं वाया जात नाही.
अख्ख्या नियमावलीत मला आवडतं ते एवढंच वाक्य.

आकडा मात्र ज्याचा त्याचा हवा.
इर्शाद मुजावरनं पहिल्या दिवशी तिघांनाही सातच दिला.
तिन्ही डबे सज्जनपणे सात मोजून
एकदम बोलले,
एकदम गप्प झाले,
पुन्हा सात.
दुपारभर हेच. हसता हसता माझा चहा सांडला.

मग आम्ही कात्यायनीला गेलो.
एक डबा टेकडीच्या अल्याड, एक पल्याड, एक माथ्यावर.
अल्याडच्याला पल्याडचा ऐकू येत नाही.
दोघांनाही वाटतं, हवा रिकामी आहे, बोलूया.
दोघांचंही माथ्यावरच्याच्या कानावर आदळतं.
माथ्यावरच्याचं काय होतं
तो तक्ता मी अजून भरलेला नाही.

आबांनी शिरोलीच्या फौंड्रीत एकतीस वर्षं साचे भरले,
उजवा कान तिथंच ठेवून आले.
आई होती तोवर आमचं थेट बोलणं नव्हतं.
"त्यांना सांग, मला उशीर होणाराय."
"तिला म्हणावं, गाडीत हवा कमी हाय."
चार फुटांवर बसून.
आई ऐकायची, शब्दाची धार पदरानं पुसायची
आणि मग पुढं द्यायची.
काही तर तिनं पुढं दिलंच नसणार.

चैत्रात ती गेली.
घरात दोन डबे उरले.

रात्री ताटावर बसलं की
मी म्हणते, "आबा—"
त्याच क्षणी ते, "अगं—"
दोघं थांबतो.
"बोल की."
"नाही, तुम्ही बोला."
पिठलं गार होतं.
थांबायचं किती, हे दोघांनी एकाच बाईकडून शिकलेलं,
तेव्हा दोघांचं थांबणं एकाच वेळी संपतं.
"आबा—"
"अगं—"
आणि मग कुणीतरी मीठ मागतं.

काल मी आकडा बदलला.
वीस धरला.
नळाचं पाणी ठिबकत होतं, त्याच्या तालावर मोजत बसले.
एकोणीस. अठरा.
आबांनी भाकरीचा पापुद्रा सोलला, खाल्ला नाही.
अकरा.
ते बसल्या जागी जरा सरकले,
डावा कान माझ्याकडं आला.
आठ. सात.
"तुझी आई," ते म्हणाले,
"मी सांगितल्यातलं किती पोचवायची गं तुझ्यापातूर?"

मी मोजणी तिथंच थांबवली.
त्यांना बोलू दिलं.
दिवा मालवला तरी बोलतच होते ते,
फौंड्रीतल्या आवाजात, शेजारी जागे होतील इतकं मोठ्यानं.

माझे सहा उरलेत.