फरक स्पष्ट करा

आरे कॉलनी, तबेल्यांच्या मागचा उतार.
भाद्रपद सरत आलेला, गवत कमरेला लागतंय,
आणि माझ्या वहीच्या पानावर मधोमध एक उभी रेघ.
शाळेत असाच प्रश्न यायचा,
चार गुणांना.

डावीकडचा आधी दिसतच नाही.
देठाला कुणी थुंकून गेल्यासारखा फेस.
भारा बांधता बांधता सावळी वरठा म्हणते,
"हात नको लावू, बेडकाची थुंकी ती."
काडीनं फेस सारला
तर आत तांदळाच्या कणीएवढं
हिरवट, ओलं, नुकतं जागं झाल्यासारखं काहीतरी.
हा देठातलं पाणी ओढतो, जवळजवळ नुसतं पाणीच,
इतकं, की ते मागून वाहत राहतं,
आणि त्या वाहण्यातच हवा भरून
तो घर बांधतो.
उन्हाला पडदा, मुंगीला चकवा.
मी मोडलं, तर पुन्हा पहिल्या बुडबुड्यापासून लागला कामाला.

उजवीकडचा उघड्यावर.
दुधात आलेल्या कणसावर,
पाठीवर ढाल, रंग सुक्या काडीचा,
चाल जेवणाच्या सुट्टीनंतरच्या कारकुनाची.
बोट लावलं तरी पळाला नाही.
फक्त वास सोडला.

भिंगाखाली दोघांची सोंड मात्र एकच,
सुईसारखी, छातीखाली दुमडून ठेवलेली.
साम्य कुणी विचारलेलं नाही, त्याला गुणही नाहीत.
तरी लिहिलं. कुठल्या बाजूला ते कळेना,
म्हणून रेघेवरच लिहिलं: सोंड.

रात्री विक्रोळीला, कन्नमवार नगरात,
दोनदा साबण लावलेल्या हातांनी ताट घेतलं,
तर आईनं मनगट धरून नाकाशी नेलं.
"ढेकूण कुठून आणलास?"
लोखंडी खाटेच्या सांध्यांत
रॉकेल ओतत काढलीत तिनं चाळीतली अकरा वर्षं.
ढेकूण नाही गं, म्हटलं,
गवतावरचा आहे, दाण्याचं दूध पितो.
"मग भाऊबंदच की,"
ती म्हणाली, आणि आमटी वाढली.

जेवल्यावर वही काढली.
उजवीकडे लिहिलं: वास, उग्र, धण्यासारखा,
आई ओळखते.
डावीकडे जागा कोरी.
फेसाला नाक लावायचं
राहूनच गेलं.