आठ तास लाइन

दहाला पडतो, सहाला उठतो.
मधे एकदाही जाग नाही.
तरी सकाळी वाटतं,
रातभर कुणी माझ्याच अंगावर
पायलीभर दळण दळून गेलं.

तोंड पिठाच्या पोत्यागत कोरडं,
कपाळात एक खिळा,
आणि मुलीनं चहा पुढे केला
तर तिच्यावरच खेकसतो.

गिऱ्हाईकं डबे ठेवून जातात,
इलाजही ठेवून जातात.
वच्छलाबाई म्हणते, पीठ छातीत बसलं.
सोनबा कोहळे म्हणतो, हातपंप बदल,
त्या पाण्यानं माझे गुडघे खाल्ले.
झिंगराजी नुसता बघतो आणि म्हणतो, वय.
ज्याला काहीच सुचत नाही
तो म्हणतो, जास्त झोपतोस बा तू.

सरकारी दवाखान्यात पोरसवदा डॉक्टरीणबाईंनी
खालची पापणी ओढून पाहिली,
मी ज्वारी बोटांत चोळून पाहतो तशी.
रक्त बरं. साखर बरी.
थायरॉइडचं ब्रह्मपुरीहून येईल.
झोप लागते ना?
लागते ना, मॅडम. तीच तर लागते.
त्या चिठ्ठी लिहीत होत्या
तेवढ्यात स्टुलावरच माझी मान पडली.

जाग आली तेव्हा
त्या पारबताला काहीतरी विचारत होत्या.
पारबतानं पदर तोंडाला लावला होता.
मला वाटलं, हसते.

"घोरते तवा बरं वाट्टे, बाई.
थांबते तवा भेव लागते.
मी मोजत रायतो.
वीस, बावीस. एखांद्या राती तीस.
मंग कोपरानं ढोसतो."

सतरा वर्षं.
तिचे डोळे सकाळी लाल का,
मी विचारलं नव्हतं.
चुलीचा धूर, असं धरून चाललो होतो.

आमच्या फीडरला आठ तास लाइन असते.
पण व्होल्टेज पडलं की मोटार नुसती हुंकारते,
पट्टा थरथरतो, दगड हलत नाही,
आणि जळका वास सुटतो.
गिऱ्हाईक म्हणतं, लाइन तर आहे ना, भाऊ?
आहे ना.

नागपूरला झोपेची तपासणी होते म्हणे,
अंगाला वायरी लावून. नंबर पुढच्या महिन्यात.
तोवर पारबतानं जुन्या लुगड्याचं गाठोडं
माझ्या पाठीला बांधलं आहे,
उताणा होऊ नये म्हणून.
शाळेत निघालेल्या पोरासारखा
दप्तर घेऊन झोपतो.

काल मुद्दाम जागा राहिलो.
श्वास घेत राहिलो, मोठ्यानं,
तिला ऐकू जाईल असा.
अंधारात तिचे ओठ हलत होते.
मोजणं एकाच्या पुढे जाईना.
एक.
एक.
एक.
मग तेही थांबलं,
आणि पारबता घोरायला लागली.

नळ आले, बादल्या वाजल्या,
चक्कीपुढे दोन डबे येऊन बसले.
मी तिला उठवलं नाही.