तिसरं घर

गुरुवारची संध्याकाळ, अल खुवैरच्या कॉलेजातला हॉल,
दारात लिजो मार्कर घेऊन उभा.
'वैजयंती' त्या स्टिकरवर मावेना,
त्यानं 'वैजू' लिहिलं आणि हसला.
मस्कतच्या सतरा वर्षांत
मला वैजू कुणी म्हटलं नव्हतं.

खुर्च्या साठ, माणसं चाळीसेक,
निम्मी माझ्या मुलाच्या वयाची.
त्यांच्या टी-शर्टांवर अशा टूल्सची नावं
जी गेल्या रमजानात शिकायची ठरवली होती मी
आणि ईदपर्यंत जुनी झाली.
नवी विटी, नवं राज्य म्हणायचे;
हल्ली विटी हवेत असतानाच डाव बदलतो.

मागच्या रांगेत आम्ही तिघं ठरलेले:
बँकेतला मुअतसिम, जो अजून कोबोल सांभाळतो
आणि ते सांगताना आवाज खाली आणतो,
घरात कुणी आजारी असल्यासारखा;
नेटवर्कवाला रोडेल, जो फक्त समोशांसाठी येतो
असं तो स्वतःच सांगतो;
आणि एसीच्या झोताखाली, ओढणी कानावर घेऊन, मी.
बांधकाम कंपनीचं पगारपत्रक.
साडेतीन हजार माणसं.

समोर बसमा अल-हिनाई. बावीसची असेल.
तिनं साधं एक वाक्य टाइप केलं,
की मजुरांचा पगार काढ, ओव्हरटाइमसकट,
आणि पडद्यावर कोड उतरू लागला
शाळा सुटल्यावर पोरं जिना उतरतात तसा.
माझं दोन वर्षांचं काम, चाळीस सेकंद.
टाळ्या. मीही वाजवल्या.
खोटं कशाला बोलू, पोटात खड्डा पडला.

मग ती दिसली. ओळ एकतीस.
रक्कम दोन दशांशांत.

बहुतेक जगात पैसा दोन घरांत संपतो.
इथे रियालचे हजार बैसा, तिसरं घर लागतं.
यंत्राला हे कुणी सांगितलं नव्हतं
आणि ते विचारणाऱ्यातलं नव्हतं.
मीही नव्हते, दोन हजार अकरात.

तेव्हा हारून मिया खिडकीशी आला होता,
परांची बांधणारा, क्रमांक बावीसशे सतरा.
सिमेंटच्या पोत्याचा फाडलेला कागद,
त्यावर बंगाली आकड्यांत गणित.
तासाचे तीनशे चौऱ्याऐंशी बैसा;
त्यातले चार माझा प्रोग्राम गिळत होता.
साठ तासांचे दोनशे चाळीस.
"दोन चहा, एक पराठा," तो म्हणाला,
"पण दर महिन्याला."
रागावला नव्हता. कुणाची पडलेली किल्ली
परत द्यायला आल्यासारखा उभा होता.

मी हात वर केला.
रोडेलनं समोसा खाली ठेवला.
माझं इंग्रजी ऐन वेळी अडकतं, तसंच अडकलं;
एवढंच म्हणाले: तिसरं घर.
बसमानं पडद्याकडे पाहिलं, ओठ चावला.
बैशांत खाऊ आणत मोठी झालेली मुलगी,
तिच्याही नजरेतून सुटलं होतं.
तिनं अजून एक वाक्य लिहिलं.
यंत्र म्हणालं, तुमचं बरोबर आहे,
आणि दोन सेकंदांत दुरुस्त.
इतक्या चटकन कुणी चूक कबूल केली
की मला उगाच संशय येतो.

निघताना लिजोनं अडवलं: पुढच्या महिन्यात तुम्ही बोला.
विषय?
बाहेर पडले तर चष्म्यावर दमट वाफ,
पार्किंगमधल्या सगळ्या गाड्या एकसारख्या पांढऱ्या.
उत्तर द्यायचं राहिलं.

आता रात्रीचे पावणेबारा. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप,
टूल उतरतंय, एकसष्ट टक्क्यांवर अडलंय.
डबा घासून येते तोवर.

हारून कधीच गावी गेला.
सिस्टिममध्ये त्याच्यापुढे 'निष्क्रिय' लिहिलेलं आहे,
पण नवं काही आलं
की पहिली चाचणी मी त्याच्याच ओळीवर घेते.
बावीसशे सतरा. तीनशे चौऱ्याऐंशी. साठ तास.
बघू, किती देतं.